बिनगिअरच्या काळ्या सायकलवर पसरणी घाट: न उतरता जमेल का?

कृष्णाकाठ_वाई

नमस्कार मंडळी. इथे बहुतेक जण गिअरच्या सायकलींबद्दल लिहितात, तरी विचारते.

माझ्याकडे वडिलांची काळी सायकल आहे. २२ इंची फ्रेम, मध्ये आडवी नळी, सळईचे ब्रेक, मागे जड कॅरिअर, डबल स्टँड. वडील गवंडी होते. पाचगणीत बंगल्यांची, कंपाउंडच्या भिंतींची कामं मिळायची. कॅरिअरला थापी, ओळंबा, गुण्या आणि डबा बांधून अंधारातच वाईतून निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. पावसाळ्यात कामं बंद, तेव्हा सायकल पडवीत उलटी करून तेलपाणी चालायचं. आम्ही भावंडं याच सायकलवर नळीखालून पाय घालून हाफ पायडल शिकलो. वडील जाऊन आता नऊ वर्षं झाली. गेल्या दिवाळीत मी ती बाहेर काढली, टायर-ट्यूब नवीन टाकल्या आणि रोज पतसंस्थेत कामाला तिच्यावरच जाते. संध्याकाळी मेणवली नाहीतर धोमच्या रस्त्याला एक फेरी होते.

वाईहून पाचगणीला जाताना लागतो तो पसरणी घाट मला एकदा या सायकलवर चढायचाय, आणि न उतरता. वडील वर्षानुवर्षं तो चढले. कसे चढायचे हे मी त्यांना कधी विचारलं नाही, याची फार रुखरुख लागते.

गेल्या महिन्यात एकदा जाऊन पाहिलं. पसरणी गावापर्यंत ठीक होतं. घाट लागल्यावर पहिलं वळण रेटून घेतलं, दुसऱ्यानंतर उभी राहून पायडल मारायला लागले आणि तिसऱ्याच्या आधीच उतरावं लागलं. दम तितका लागला नव्हता, पण मांड्या पेटल्या होत्या. शिवाय मागचं टायर फ्रेमला डावीकडून घासायला लागलं आणि डावं पायडल दर फेरीला ‘खट्’ करायचं.

वय ४६, वजन ५८. रोजची सवय आहे, पण खेळाडू वगैरे नाही. गिअर बसवायचे नाहीत. सायकल आहे तशीच ठेवून काय करता येईल?

रविवारची_राइड

ताई, इच्छा छान आहे. पण मी पसरणी गिअरच्या सायकलवर बऱ्याचदा चढलोय आणि सगळ्यात हलका गिअर टाकूनही शेवटी घाम निघतो. माझं प्रामाणिक मत विचाराल तर एखाद्या मैत्रिणीची गिअरची सायकल घेऊन आधी एकदा वर जाऊन या. रस्ता पायाखालून गेला की कुठे किती ताकद ठेवायची ते कळतं.

आणि शनिवार-रविवार अजिबात जाऊ नका. पर्यटकांच्या गाड्या वळणावर ओव्हरटेक करतात. मंगळवार-बुधवार, उजाडता उजाडता. खायचं काही हँडलला लटकवू नका, माकडं आहेत.

चेन_आणि_कॉटर

ताई, मी ३१ वर्षं कराडला सायकलचं दुकान चालवलं. आता बंद केलंय, पण हात अजून विसरलेले नाहीत. तुमचा मजकूर दोनदा वाचला. तुम्ही तिसऱ्या वळणाला उतरलात त्यात निम्मी चूक सायकलची आहे. ती आधी दुरुस्त करू.

डावं पायडल खट् करतंय ती कॉटर आहे. या सायकलींना क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, अॅक्सलवर कॉटरने, म्हणजे तिरक्या तासलेल्या पिनेने धरलेला असतो. सपाटीवर बसून चालवताना तिच्यावर फारसा भार येत नाही. चढावर उभं राहिलं की आख्खं अंग तिच्यावर येतं. पिन झिजली असली की क्रँक केसभर सरकतो, तोच आवाज. नुसता नट आवळून भागत नाही. नवीन कॉटर घ्या आणि तिची तासलेली बाजू अॅक्सलला पूर्ण टेकतेय का बघून कानशीने जुळवून घ्या. क्रँकखाली लोखंडाचा आधार देऊन ती ठोकून बसवायची आणि मग नट आवळायचा. ५० किलोमीटर चालवून परत आवळायचा. दोन्ही बाजूंच्या बदला, एकच बदलू नका.

टायर डावीकडे घासतंय त्याचं कारण वेगळं. चेन उजव्या बाजूला असते. तुम्ही जोर लावला की ती मागच्या अॅक्सलचं उजवं टोक पुढे ओढते. नट ढिले असले की चाक तिरकं होतं आणि टायर डाव्या नळीला जाऊन टेकतं. म्हणजे तुम्ही ब्रेक लावून घाट चढत होतात. चाक सरळ करून दोन्ही नट लांब पान्याने आवळा. वॉशर गुळगुळीत झाले असतील तर दातेरी वॉशर घाला.

चेन मध्यावर बोटाने वरखाली केली की अर्धा इंच हलली पाहिजे. त्यापेक्षा ताठ ठेवली तर घट्ट फिरेल, सैल ठेवली तर नेमकी उभ्या चढावर पडेल.

सीटची उंची बघा. वडिलांच्या वेळचीच असेल तर बहुतेक खाली असेल, कारण ओझं घेऊन चालवणारी माणसं सीट खालीच ठेवायची, पाय पटकन टेकायला बरा. तुम्ही सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे. वाकलेल्या गुडघ्याने घाट चढलात तर मांड्या पेटणारच.

आता मुख्य गोष्ट. काळ्या सायकलीला गिअर नसतो असं लोक म्हणतात. असतो, एकच असतो, आणि तो घरी बसून निवडायचा असतो. पुढच्या चेनव्हीलचे, म्हणजे पायडलपाशी असलेल्या मोठ्या चक्राचे दाते मोजा, मागच्या फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या छोट्या चक्राचे मोजा आणि इथे लिहा. माझ्याकडे यायच्या त्या काळ्या सायकली बहुतेक पुढे ४४ आणि मागे १८ अशाच असायच्या. मागे २० किंवा २२ चं फ्रीव्हील टाकलं की तीच सायकल चढाला वेगळी वाटते. आटा तोच असतो, चाक बदलावं लागत नाही. दात्यांना खूण करून मोजा, नाहीतर पहिला दाता दोनदा मोजला जातो.

आकडेमोड_पुणे

काकांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त आकड्यांत मांडतो.

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७१८ मीटरवर, पाचगणी १,२९३ वर. म्हणजे सुमारे १२ किलोमीटरमध्ये ५७५ मीटर चढ. सरासरी ५ टक्क्यांच्या आतच येते, पण सुरुवातीचा तुकडा सौम्य असल्यामुळे प्रत्यक्ष घाटात ती जास्त भरते. हिशोबाला ६ धरू.

चाकाचा व्यास २८ इंच. ४४-१८ असेल तर पायडलच्या एका फेरीत सायकल ५.४६ मीटर पुढे जाते. ४४-२२ असेल तर ४.४७ मीटर.

तुमचं वजन ५८, सायकल २१, पाणी आणि हत्यारं ३. एकूण ८२ किलो. ६ टक्के चढावर १८ दात्यांना पायडलवर सगळ्यात जास्त दाब द्यावा लागतो तो साधारण ४७ किलोचा. २२ दात्यांना तोच ३९ वर येतो. आता एखाद्या तुकड्यात चढ १० टक्के झाला असं समजा. १८ ला ७४ किलो लागतात, २२ ला ६१. तुमचं वजन ५८ आहे. म्हणजे १८ दात्यांवर तुम्ही अख्ख्या उभ्या राहिलात तरी पायडल खाली जाणार नाही, हँडल हातांनी वर ओढून उरलेला दाब निर्माण करावा लागेल. अशा वेळी मांड्यांच्या आधी हात आणि कंबर जाते. २२ वर मात्र उभं राहिलं की जवळजवळ काम होतं.

वेगाचा विचार सोडून द्या. मिनिटाला ३५ फेऱ्या, २२ दाते, म्हणजे ताशी ९.४ किलोमीटर. सव्वा तासापेक्षा थोडा जास्त वेळ लागेल. यापेक्षा हळू गेलात तर तोल सांभाळण्यातच शक्ती जाते आणि जोरात गेलात तर दुसऱ्या वळणाला जे झालं तेच परत होईल.

हेअरपिन

वळणांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी स्वतः एकाच गिअरची सायकल चालवते, पुण्यात बोपदेव आणि दिवे घाट नेहमीचे.

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. घाटाचं वळण डावीकडे असलं की आपण आतल्या कडेला असतो, आणि आतली कड सगळ्यात उभी असते. तोच चढ फार कमी अंतरात चढायचा असतो ना. वळण उजवीकडे असलं की आपण बाहेरच्या कडेला, तिथे रस्ता लांब फिरतो आणि चढ सौम्य होतो. हे मला कळलं तेव्हापासून मी उजवी वळणं दम खाण्यासाठी वापरते. तिथे सीटवर बसायचं, खांदे सैल सोडायचे, लांब श्वास घ्यायचे. डावं वळण दिसायला लागलं की १५-२० मीटर आधी थोडा वेग घ्यायचा आणि वळणाच्या तोंडाशी उभं राहायचं. मागे वळून बघायचं, काही येत नसेल तरच आतली कड सोडून थोडं बाहेरून घ्यायचं. गाडी येत असेल तर आतूनच, मग कितीही जड जावो.

नागमोडी चालवून चढ कमी करायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. मोकळ्या कच्च्या रस्त्यावर ठीक आहे. पसरणीसारख्या वाहत्या घाटात कृपा करून नको.

उभं राहताना घाईत उठू नका. पायडल वर आल्यावर, त्याच्यावर पायरी चढल्यासारखं उठायचं. धसकन उठलं की सायकल क्षणभर मागे जाते आणि एकाच गिअरवर तो गेलेला वेग परत येत नाही. ज्या बाजूचा पाय खाली, त्याच बाजूचा हात हँडल हलकं ओढतो. सायकल थोडी झुलू द्या, छाती सरळ ठेवा.

जुनी_शर्यत

उतरण्याचा विषय निघालाय म्हणून एक आठवण करून देतो. १९१० साली ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातल्या मोठ्या खिंडींमधून गेली, त्यात २,११५ मीटर उंचीची तुर्माले होती. कच्चा रस्ता, जड सायकली, चालता चालता बदलायचे गिअर नाहीत. जगातले सगळ्यात तयार सायकलपटू होते ते, तरी सायकल हातात धरून चालले. ऑक्ताव्ह लापीझ त्या वर्षीची शर्यत जिंकला, तोही तिथे काही अंतर चालला होता. न उतरता तुर्माले चढला तो ग्युस्ताव्ह गारिगू, आणि त्याबद्दल त्याला १०० फ्रँकचं वेगळं बक्षीस मिळालं.

पुढे खेळाडू मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं लावायचे. चढ आला की उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं. त्या शर्यतीत गिअर बदलणारी यंत्रणा सगळ्यांना वापरायला मिळाली ती १९३७ मध्ये. काका म्हणतात तो ‘घरी बसून निवडायचा गिअर’ त्यांनी रस्त्याच्या कडेला बसून निवडला, एवढाच फरक.

कृष्णाकाठ_वाई

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सुट्टी होती, सायकल उलटी करून बसले. खडूने खूण करून तीनदा मोजले.

पुढे ४४. मागे २२.

काका, तुम्ही १८ म्हणाला होतात म्हणून मला वाटलं माझंच चुकतंय. शेजारच्या मुलालाही मोजायला लावलं. बावीसच.

चेन_आणि_कॉटर

ताई, अजून एक बघा. चेन पुसून घ्या आणि सगळ्या कड्या एकेक करून तपासा. कुठे दोन कड्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या दिसतात का? रंग, पट्टीचा आकार, पिनेचं डोकं, काहीही.

कृष्णाकाठ_वाई

आहेत! जॉइंटच्या कडीपासून थोड्या अंतरावर दोन कड्या जरा जाड पट्टीच्या आहेत आणि त्यांच्या पिना हाताने ठोकल्यासारख्या चपट्या झाल्यात. तुम्हाला कसं कळलं?

चेन_आणि_कॉटर

१८ काढून २२ लावलं की चेन आखूड पडते. चाक पुढे सरकवून थोडंफार भागतं, पण चाक पार टोकाला गेलं तर पुढे चेन ताणायला-सोडायला जागा उरत नाही. म्हणून चांगला कारागीर दोन कड्या वाढवतो. तुमच्या सायकलचं फ्रीव्हील मुद्दाम बदललेलं आहे.

वडिलांनी कसा चढला हे विचारायचं राहिलं असं तुम्ही लिहिलं होतं. निम्मं उत्तर या बावीस दात्यांत आहे. त्यांनी घाटासाठी सायकल तयार करून घेतली होती. वाईच्या सपाट रस्त्यावर तिच्यावर पाय भराभर फिरवावे लागत असतील, लोक पुढे निघून जात असतील. ते त्यांनी चालवून घेतलं, कारण रोजचं काम वर होतं.

माझ्या दुकानात दूधवाले, पाववाले, भंगारवाले हेच मागायचे. त्यांना हिशोब कुणी शिकवला नव्हता, पण एक दाता वाढला की काय होतं ते पायांना कळायचं.

तुम्हाला आता फ्रीव्हील बदलायचं नाही. तेच ठेवा, फक्त रॉकेलने धुऊन आत तेल सोडा. कॉटर, नट आणि सीट एवढंच करा. आणि चढाइतकाच विचार उताराचा करा. या ब्रेकचे रबर रिमला आतून, खालून वर दाबतात. जुने रबर काचेसारखे कडक झालेले असतात, चारही नवीन टाका. सळयांचे सगळे नट-स्क्रू एकेक करून आवळा, त्यातला एक निसटला तरी तो ब्रेक गेला. रिम ओली असेल तर उतरू नका. स्टीलच्या ओल्या रिमवर हे ब्रेक जवळजवळ धरतच नाहीत. उतरताना पहिल्यापासून वेग कमी ठेवा. वेग वाढल्यावर तो कमी करू असं या सायकलवर चालत नाही. दोन्ही ब्रेक थोडे दाबायचे, थोडे सोडायचे. पावसाळ्यात तुमचे वडील काम बंद ठेवत, त्यात हेही असणार.

आकडेमोड_पुणे

म्हणजे मी ‘२२ टाकलं तर’ म्हणून जो हिशोब दिला, तोच तुमचा आजचा हिशोब आहे. गेल्या महिन्यात ३९ किलोच्या जागी जास्त का लागले ते टायर घासण्यामुळे. आता जाऊन बघा.

कृष्णाकाठ_वाई

तीन आठवड्यांनी लिहितेय. काल, बुधवारी, जाऊन आले.

दोन्ही कॉटर नवीन, नट आवळलेले, सीट दीड इंच वर, ब्रेकचे रबर नवीन. मधल्या दिवसांत धोमच्या रस्त्याला रोज संध्याकाळी मिनिटाला ३५ फेऱ्या मोजत चालवलं. सुरुवातीला ते इतकं हळू वाटायचं की राग यायचा.

पहाटे पावणेसहाला निघाले. पसरणी गावात एका घरी चूल पेटली होती, तेवढाच उजेड. ज्या तिसऱ्या वळणाआधी उतरले होते ते डावं वळण निघालं! मागे पाहिलं, काही नव्हतं, थोडं बाहेरून घेतलं, पायरी चढल्यासारखी उठले आणि वळण मागे पडलं. टायर घासत नव्हतं. खट् आवाज नव्हता. नुसता चेनचा आवाज आणि माझा श्वास.

पुढे उजव्या वळणांवर बसत गेले. खाली वाईचे दिवे विझत गेले, धोमचं पाणी आधी करडं आणि मग पांढरं दिसायला लागलं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं अशी गेली. मग मात्र एक लांब सरळ चढ आला, वळण नाही, म्हणून बसायला जागाही नाही. मागून ट्रक आला. मी अगदी कडेला गेले, वेग तुटला आणि उतरले. डोळ्यांत पाणी आलं हे खरं आहे. दोनशे-अडीचशे पावलं ढकलत चालले. तिथून परत बसले ती पाचगणीच्या अलीकडच्या दांडेघरपर्यंत उतरले नाही. पाचगणीत चहा घेतला, रस्ता पूर्ण कोरडा आहे ना ते पाहिलं आणि काकांनी सांगितलं तसं हळूहळू खाली आले. उतरताना हात जास्त दुखले, पाय नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. कुठे उतरले तेही. ती म्हणाली, “तिथं तर ते रोजच उतरायचे. बुवासाहेबांच्या देवळापाशी पाणी प्यायचे, पुढचा सरळ चढ चालत जायचे, मग बसायचे. म्हणायचे, तिथं पायात गेलेली ताकद दिवसभर भिंतीला मिळत नाही.”

मी आईला हे आधी कधी विचारलंच नव्हतं. फ्रीव्हील कुठे बदललं तेही तिला माहीत आहे. वाईतच, वडिलांच्या ओळखीच्या एका मिस्त्रींकडे. मजुरीच्या बदल्यात त्यांच्या न्हाणीघराला गिलावा करून दिला होता म्हणे.

काका, तुम्ही ५० किलोमीटरनंतर कॉटर परत आवळायला सांगितलं होतं. उजवीचा नट पाव फेरी फिरला, डावीचा जागचा हलला नाही. हे बरोबर आहे, की डावी परत काढून बघू? पुढच्या बुधवारी पुन्हा जातेय. देवळापाशी थांबेन, पाणी पिईन आणि तेवढा सरळ चढ चालतच जाईन.

चेन_आणि_कॉटर

बरोबर आहे. डावी चांगली बसली आहे, काढू नका. उजवी अजून ५० किलोमीटरनंतर एकदा बघा.